गाजर गवत आणि त्वचेचें दुखणें

आषाढी वारीस निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पादुकांना नीरास्नान घालून सातारा जिल्ह्यांत येते आणि लोणंदला उतरते. पुण्यामुंबईच्या पुष्कळ श्रोत्यांना हें गांव या मुक्कामामुळेंच ठाऊक असेल. कोणाला तेथल्या कांद्याच्या बाजारामुळें. गांव तसें साधेंच आहे. परंतु तीन वाटा तेथें जवळ येतात. एक वारीची, दुसरी पुणें-मिरज लोहमार्गाची, आणि तिसरी पाण्याची, म्हणजे नीरेच्या उजव्या कालव्याची. पहिला पाऊस झाला कीं या तिन्ही वाटांच्या कडेनें एक रोप वर येतें. पानें गाजराच्या पाल्यासारखीं कातरलेलीं, उंची कमरेपर्यंत, कधीं खांद्यापर्यंत, आणि शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. आपण त्याला गाजर गवत म्हणतों. वस्तुतः तें गवतहि नव्हे आणि गाजराशींहि त्याचें कांहीं नातें नाहीं. तें शेवंतीच्या व सूर्यफुलाच्या कुळांतलें आहे. कुळाची ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या रोपामुळें माणसाच्या त्वचेवर जें एक चिवट दुखणें उद्भवतें, त्याचें कारण कसें सांपडलें, आणि तें डोळ्यांसमोर उभें असतां दिसण्यास इतका काळ कां लागला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

दुखण्याचें चित्र जवळजवळ ठरलेलें असतें. नीरेच्या खोऱ्यांतला, चाळिशी उलटलेला एखादा शेतकरी कल्पावा. एका वर्षीं पावसाळा सुरू झाल्यावर त्याच्या पापण्या सुजतात. मानेला, कानांमागें आणि कोपरांच्या लवणींत खाज सुटते. बारीक पुटकुळ्या येऊन पाझरूं लागतात. पुढें थंडी पडते, सारें ओसरतें, आणि माणूस तें विसरून जातो. दुसऱ्या वर्षीं पुन्हां तेंच, पण थोडें अधिक. अशीं कांहीं वर्षें गेलीं म्हणजे तें ओसरेनासें होतें. त्वचा काळवंडते, जाड होते, कपाळावर आणि गालांवर वळ्या पडतात, आणि चेहरा असा बदलतो कीं गांवांत कुजबूज सुरू होते. ती कशाची, हें निराळें सांगावयास नको. महारोगाच्या एका प्रकारांतहि चेहरा असाच जाडावतो. वास्तविक त्या रोगाचा आणि या दुखण्याचा कांहीं एक संबंध नाहीं. महारोग जंतूमुळें होतो. तो जंतु नॉर्वेच्या हॅन्सननें १८७३ सालींच दाखविला. आणि हें दुखणें तर एकाचें दुसऱ्यास होतच नाहीं. परंतु ज्याच्या घरीं मुलीची सोयरीक जुळावयाची आहे, त्याच्या दारांत बसून हा फरक पाहुण्यांना समजावून देणारा कोणी नसतो.

मग घरचे विचारतात, आणि रोगी स्वतःशीं विचारतो, कीं हें झालें कशानें?

या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरें पुष्कळ आहेत, आणि तीं जुनीं आहेत. चरकसंहितेंत अठरा कुष्ठें सांगितलीं आहेत. सात महाकुष्ठें आणि अकरा क्षुद्रकुष्ठें. खाज, काळसर पुटकुळ्या आणि पुष्कळ स्राव हीं ज्या विचर्चिकेचीं लक्षणें, ती या अकरांत येते. लोकांच्या बोलण्यांतला इसब तो बहुधा हाच. कारणें सांगतांना चरक विरुद्ध आहारापासून आरंभ करतो. दुधाबरोबर मासे खाणें हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. परंतु याच ओघांत गुरुजनांचा अपमान आणि पापकर्म यांचीहि गणना होते. आपल्या घरांत याच विचाराचा अंश उतरला आहे. रक्त बिघडलें, अंगांत उष्णता झाली, वांगें बंद करा, मासळी बंद करा. या पथ्यांची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. कित्येक दुखण्यांत त्यांचा उपयोगहि होत असेल. पण या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट समान आहे, ती अशी कीं कारणाचा शोध रोग्याच्या आंत चालतो. त्याच्या ताटांत, त्याच्या रक्तांत, शेवटीं त्याच्या आचरणांत. त्यानें काय खाल्लें हें शंभर जण विचारतात. तो कोठें उभा होता हें कोणी विचारीत नाहीं.

आश्चर्य असें कीं बाहेरून येणाऱ्या त्वचारोगाचें एक उत्तम उदाहरण आपल्याच घरांत पिढ्यान् पिढ्या होतें. तें म्हणजे बिबा. बिब्याचें तेल औषधांत पडे, आणि परीट त्यानें कपड्यांवर खूण घाली. आतां बिबा एखाद्यास सहज सोसतो, आणि दुसऱ्यास असा उततो कीं अंगभर फोड येतात. वस्तु तीच, मात्रा तीच, आणि माणसागणिक परिणाम निराळा. हें आजीबाईंना पक्कें ठाऊक होतें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर नेमक्या परटाच्या खुणेच्या जागीं चट्टे उठूं लागले. तेव्हां त्यांच्या डॉक्टरांनीं १९४३ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि मूळ बिब्यांत असल्याचें दाखविलें. म्हणजे विचाराची किल्ली हाताशीं होती. ती या नव्या कुलपाला लावण्यापूर्वीं तें कुलूप येथें यावें लागलें, इतकेंच.

तें आलें कोठून, याविषयीं एक गोष्ट सर्वतोमुखीं आहे. अमेरिकेनें आपल्याला पी. एल. ४८० या कायद्याखालीं गहूं पाठविला आणि त्याबरोबर हें बीं आलें, असें शाळकरी मुलगाहि सांगतो. काँग्रेसचें राज्य असतांना आलें म्हणून काँग्रेस गवत, असेंहि कोणी म्हणतो. कोणी म्हणतो कीं पांढऱ्या फुलांचे झुबके पांढऱ्या टोप्यांसारखे दिसतात म्हणून. नांवाचा वाद मी सोडून देतों. गव्हाचा मात्र सोडतां येत नाहीं, कारण तेथें तारखा आहेत. तो कायदा अमेरिकेंत १९५४ सालीं झाला आणि त्याखालीं हिंदुस्थानाशीं पहिला करार १९५६ च्या ऑगस्टांत झाला. उलट पुण्याच्या उकिरड्यांवर हीं तुरळक रोपें प्राध्यापक परांजपे यांच्या दृष्टीस पडलीं तीं १९५१ सालीं. पुढें राव यांनीं १९५६ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत तिची नोंद केली, ती हिंदुस्थानास नवी वनस्पति म्हणून. बाप जन्मण्यापूर्वीं मुलगा चालूं लागला, असा हा प्रकार झाला.

तरी लोकांची गोष्ट अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. १९५१ सालींच अमेरिकेनें हिंदुस्थानाला वीस लाख टन धान्यासाठीं कर्ज देण्याचा निराळा कायदा केला होता, आणि त्याहि पूर्वीं परदेशचें धान्य बंदरांत उतरत होतेंच. शिवाय रसायनशास्त्राची साक्ष आहे. या वनस्पतींत जें मुख्य कडू द्रव्य असतें, त्याला पार्थेनिन म्हणतात. दक्षिण अमेरिकेंतल्या कांहीं भागांतल्या रोपांत त्याऐवजीं त्याचेंच एक भावंड, हायमेनिन, असतें. आपल्याकडचीं रोपें पार्थेनिनाचीं. म्हणजे त्यांचें माहेर मेक्सिकोच्या आखाताकडे. पण मग आणखी दोन जुन्या नोंदी निघाल्या आणि प्रकरण पुन्हां गुंतलें. रॉक्सबर्गनें १८१४ सालीं कलकत्त्याच्या बागेंतल्या वनस्पतींची जी यादी छापली तींत हें नांव आहे, आणि डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत ब्रँडिसच्या संग्रहांतला १८८० सालचा वाळवलेला नमुना आहे. तेव्हां रोप या देशांत पूर्वींहि येऊन गेलें होतें. दंगा मात्र त्यानें १९५० नंतर आरंभला. माझ्या मतें इतिहासकाराला येथें पहिल्या आगमनापेक्षां फैलावाचा प्रश्न महत्त्वाचा वाटला पाहिजे. एका रोपाला हजारांनीं बिया येतात. पंधरा-वीस हजार म्हटल्यास अतिशयोक्ति होत नाहीं. बीं इतकें हलकें कीं वाऱ्यानें, पाण्यानें, चाकांच्या चिखलानें, वाळूच्या व चाऱ्याच्या गाडीनें कोठेंहि जावें. उगवल्यापासून महिन्याभरांत तें फुलावर येतें, आणि ओल मिळेल तर वर्षांत अनेक पिढ्या होतात. गुरें त्याला तोंड लावीत नाहींत. अशा रोपाला लोहमार्गाची पडीक कड, कालव्याचा ओला कांठ आणि बाजाराच्या गाड्यांचा तळ मिळाला म्हणजे आणखी कांहीं नको. लोणंदला हीं तिन्ही आहेत. म्हणूनच मघाशीं मी त्या वाटा मोजल्या.

आतां डॉक्टरांकडे येऊं. १९६० नंतरच्या दशकांत पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एकाच तऱ्हेचे रोगी वाढूं लागले. बहुतेक प्रौढ वयाचे. पुरुष स्त्रियांपेक्षां बरेच अधिक. लहान मुलें क्वचित्. चट्टे उघड्या भागांवर, म्हणून पहिला संशय सूर्यावर गेला, आणि तो रास्त होता. उन्हानें होणारे त्वचारोग डॉक्टरांना माहीत होते. परंतु नीट पाहतां एक विसंगति दिसे. उन्हाचा रोग ऊन जेथें पडतें तेथें होतो. हनुवटीच्या खालची बाजू, वरच्या पापण्यांची घडी, कानामागची खोबण, या सावलीच्या जागा तो सोडतो. या रोग्यांत तर नेमक्या याच जागा आधीं पेटत. ऊन जेथें पोंचत नाहीं पण धूळ जाऊन बसते, अशा त्या जागा. म्हणजे अपराधी आकाशांतून उतरत नव्हता. वाऱ्यावर येत होता.

संशय ठरविण्याचें साधन उपलब्ध होतें. जर्मन वैद्य योसेफ याडासोन यानें १८९५ सालीं तें प्रथम लोकांपुढें मांडलें. संशयित पदार्थ थोडासा घेऊन रोग्याच्या चांगल्या त्वचेवर, बहुधा पाठीवर, चिकटपट्टीखालीं ठेवावयाचा; दोन दिवसांनीं पट्टी काढून पाहावयाचें. कांहीं न झाल्यास पदार्थ निर्दोष. तेवढ्याच चौकोनांत लाली, सूज आणि पुटकुळ्या आल्यास अपराधी सांपडला. इतकी साधी चाचणी वैद्यकांत थोडी. गाजर गवताच्या पानाचा अर्क पाठीवर लावतांच या रोग्यांच्या पाठींनीं उत्तर दिलें. लोणकर, मिचेल आणि कॅल्नन या तिघांचा निबंध १९७४ सालीं लंडनच्या सेंट जॉन्स त्वचारोग रुग्णालयाच्या मुखपत्रांत आला. त्यामुळें पुण्याच्या उकिरड्यावरच्या या रोपाची गोष्ट जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना कळली. इतर देशांतले लोकहि वाचून चकित झाले असावेत, कारण एका तणामुळें एवढ्या प्रमाणांत माणसें आजारी पडल्याचीं उदाहरणें विरळ आहेत. कांहीं रोग्यांचें सर्वांग सोलवटून तीं दगावल्याच्या नोंदीहि त्या काळच्या वैद्यकीय लेखनांत आहेत. पुढें बंगलोरच्या विज्ञान संस्थेंतले सुब्बा राव आणि कॅनडांतले टॉवर्स यांच्या सहकाऱ्यांनीं शुद्ध पार्थेनिन घेऊन रोग्यांवर चाचण्या केल्या, आणि मुख्य दोषी तेंच द्रव्य असल्याचें निश्चित झालें. त्या द्रव्याची घडण त्यापूर्वींच, १९५९ सालीं, हेर्झ आणि वातानाबे यांनीं अमेरिकेंत उलगडली होती. रोगाचा तेव्हां त्यांच्या मनांत विचारहि नसेल.

येथें एक अडचण उभी राहते, आणि माझ्या मतें या विषयाचा गाभा तींतच आहे. पार्थेनिन जर विष असेल, तर सगळ्यांनाच कां होत नाहीं? एकाच बांधावर दोन भाऊ काम करतात. एकाचे डोळे सुजतात, दुसरा निवांत. शिवाय ज्याला होतें त्याला तरी पहिल्या दिवशीं होत नाहीं. महिनोंमहिने, कित्येकदां वर्षानुवर्षें, तो त्याच गवतांत वावरलेला असतो. म्हणूनच रोगी छातीवर हात ठेवून सांगतो, “डॉक्टरसाहेब, तें गवत तर जन्मापासून पाहतों आहें, त्यानें कसें होईल?”

याचें उत्तर मिळविण्यास विसाव्या शतकाचा अर्धा भाग लागला. कार्ल लँडस्टाइनर, ज्यानें माणसाच्या रक्ताचे गट शोधले तोच हा, न्यूयॉर्कमध्यें गिनीपिगांवर प्रयोग करीत होता. १९३५ सालीं त्यानें जेकब्ज याच्यासह दाखविलें कीं अगदीं साध्या रासायनिक द्रव्यांनींहि त्वचा चिडते. मात्र तीं शरीरांतल्या प्रथिनांशीं बांधलीं जाऊं शकणारीं असावीं लागतात. सुटें द्रव्य शरीराच्या लेखीं दखल घेण्याजोगें नसतें. आपल्याच प्रथिनाला तें चिकटलें कीं शरीराला आपलेंच माणूस परक्याच्या वेषांत दिसतें. १९४२ सालीं त्यानें आणि मेरिल चेस यानें आणखी एक गोष्ट सिद्ध केली. ही चीड रक्तांतल्या द्रवांतून नव्हे, तर पांढऱ्या पेशींतून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेतां येते. म्हणजे आठवण ठेवणाऱ्या या पेशी आहेत. त्वचेंतला द्वारपाल तर त्याहून जुना. पाउल लँगरहॅन्स यानें वैद्यकाचा विद्यार्थी असतांना १८६८ सालीं त्वचेच्या वरच्या थरांत फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असें लिहिलें. त्या परक्या द्रव्यास ओळखून तें आंतल्या पेशींना नेऊन दाखवितात, हें कळण्यास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं.

पार्थेनिनाच्या अणुरचनेंत एक टोंक असें आहे कीं तें प्रथिनाला सहज चिकटतें. गाजर गवताची लव अंगावर पडली, घामांत भिजली, द्रव्य त्वचेंत उतरलें, प्रथिनाशीं बांधलें गेलें; द्वारपालानें तें आंत दाखविलें. बहुतेक माणसांत गोष्ट येथेंच थांबते. कांहींच्या शरीरांत मात्र त्याची खूणगांठ बांधली जाते, आणि एकदां बांधलेली ती गांठ बहुधा जन्मभर सुटत नाहीं. त्यानंतर जरासें द्रव्य पुरतें. पण तेव्हांहि परिणाम लगेच होत नाहीं. आठवण असलेल्या पेशी जमून कामास लागावयास एक ते तीन दिवस जातात. सोमवारीं शेतांत वाळलेलें गवत उपटलें, मंगळवारीं जेवणांत भरलें वांगें होतें, आणि बुधवारीं सकाळीं पापण्या सुजल्या. बुधवारच्या न्यायसभेंत शिक्षा वांग्याला होते. पिढ्यान् पिढ्या किती वांगीं अशीं निरपराध गेलीं असतील, देव जाणे.

माधवनिदानाच्या टीकाकारांनीं रोगाच्या हेतूंत दूरचा आणि जवळचा असा भेद केला आहे. विप्रकृष्ट आणि सन्निकृष्ट हे त्यांचे शब्द. आपण साध्या मराठींत मूळ आणि निमित्त म्हणूं. या दुखण्यांत मूळ म्हणजे ती शरीरांत बांधली गेलेली खूणगांठ. तिच्यावांचून गवताचा डोंगर अंगावर पडला तरी कांहीं होत नाहीं. आणि निमित्तें अनेक. मुख्य निमित्त गवताचें, आणि त्यांतहि एक गैरसमज रूढ आहे तो सांगितला पाहिजे. लोक फुलांच्या परागाला भितात. पराग नाकाला आणि डोळ्यांना छळतातच. परंतु त्वचेच्या दुखण्यांत मोठा वांटा पानांवरच्या व देठांवरच्या सूक्ष्म लवेचा आणि वाळलेल्या रोपाच्या चुऱ्याचा आहे. रोप मेल्यानें पार्थेनिन मरत नाहीं. म्हणून पिवळें पडून वाळलेलें गवत निरुपद्रवी समजून त्यांतून बैल हांकणें हें हिरव्या गवतांत शिरण्यासारखेंच आहे.

दुसरें निमित्त कुळाचें. शेवंती, सूर्यफूल, आणि रानांत कपड्यांना काटेरी बोंडें चिकटविणारा शंकेश्वर, हीं सगळीं याच कुळांतलीं. कित्येकांत पार्थेनिनाचीं चुलतभावंडें म्हणावीं अशीं द्रव्यें असतात. शरीराची आठवण पक्की खरी, पण ती चेहरे ओळखण्यांत थोडी ढिली. गाजर गवतानें चिडलेली त्वचा शेवंतीनेंहि चिडूं शकते. पुणें-सातारा भागांत शेवंतीचे मळे आहेत, आणि दसरा-दिवाळींत ती घरोघरीं येते. तेव्हां ज्या रोग्यानें गांव सोडून शहरांत मुलाकडे राहावयास यावें, त्याला सणाच्या दिवशीं पुन्हां खाज सुटावी, यांत नवल नाहीं. घरांतल्या कोणाला हें दुखणें असल्यास दाराच्या हारांत झेंडू-शेवंतीऐवजीं आंब्याचा टाळा आणि जास्वंद चालवून पाहावी.

तिसरें निमित्त ऊन. आरंभीं डॉक्टरांनीं सूर्यावर घेतलेला संशय चुकीचा ठरला, हें खरें. परंतु कथा तेथें संपत नाहीं. कित्येक वर्षें हें दुखणें सोसलेल्या रोग्यांपैकीं काहींची त्वचा पुढें खरोखरच उन्हालाहि असह्य होते, आणि मग गवत नसलें तरी ऊन पुरतें. साक्षीदार शेवटीं आरोपी झाला! म्हणूनच जुन्या रोग्याचें निदान नव्यापेक्षां अवघड. त्यांत रोग्यानें स्वतःहून लावलेल्या मलमांची भर पडते. कांहीं जंतुनाशक मलमांनाच त्वचा चिडूं लागते, आणि औषध तेंच निमित्त होऊन बसतें.

उपचारांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तो डॉक्टरांचा प्रांत आहे. १९५२ पासून हायड्रोकॉर्टिसोनच्या वर्गांतलीं मलमें मिळूं लागलीं. त्यांनीं दाह झपाट्यानें निवतो, पण तीं दुकानांतून आपल्या मनानें आणून महिनोंमहिने चोपडलीं तर त्वचा पातळ होते आणि नवे उपद्रव उभे राहतात. जुनाट व पसरलेल्या दुखण्यांत अॅझाथायोप्रिन हें औषध डॉक्टर रक्त तपासून देतात. त्याचा या रोगावरचा अनुभव पुष्कळसा हिंदुस्थानांतच जमला आहे. परंतु पहिली सूचना सगळीकडे एकच, कीं गवतापासून दूर राहा. शहरांतल्या माणसाला ही सूचना सोपी वाटते. ज्याची पांच एकर जमीन कालव्याखालीं आहे, ज्याचा कांदा आतां काढणीस आला आहे, त्याला दूर म्हणजे कोठें, हें चिठ्ठीवर लिहितां येत नाहीं.

मग गवतच दूर करावें, असें शासनकर्त्यांना वाटणें साहजिक होतें. कर्नाटकांत १९७५ सालीं तें उपद्रवी तण म्हणून जाहीर झालें. कायद्यानें गवत घाबरत नाहीं. १९८३ सालीं मेक्सिकोहून एक ठिपक्या-पट्ट्यांचा भुंगेरा बंगलोरला आणला गेला, आणि त्याला या झाडाशिवाय दुसरें कांहीं रुचत नाहीं याची परीक्षा करून १९८४ सालीं मोकळा सोडला. आतां तो महाराष्ट्रांतहि पावसाळ्यांत दिसतो, आणि एखाद्या जागीं गवताच्या नुसत्या काड्या उरवितो. पण पाऊस संपला कीं तो जमिनींत जाऊन निजतो, आणि ओलीवर उगवणाऱ्या रोपांना रान मोकळें होतें. त्यापेक्षां मला दुसरा उपाय अधिक गमतीचा वाटतो. टाकळा दाट वाढला कीं त्याखालीं गाजर गवताला डोकें वर काढतां येत नाहीं, असें दिसून आलें. म्हणून पडीक जागेंत त्याचें बीं फेंकण्याची शिफारस झाली. टाकळ्याचें संस्कृत नांव चक्रमर्द, आणि गजकर्णावर त्याचा लेप जुन्या वैद्यांचा आवडता. त्वचेच्या एका रोगावर लावण्याचें झाड दुसऱ्या रोगाच्या झाडाला हुसकावून देतें, हा योग मोठा मौजेचा आहे.

राहतां राहिला हातानें उपटण्याचा उपाय, आणि येथें मात्र मला तक्रार करावयाची आहे. गाजर गवत निर्मूलनाचे सप्ताह होतात. पुढारी येतात, शाळेच्या मुलांना रांगेनें उभें करून उघड्या हातांनीं गवत उपटावयास लावतात, आणि ढीग घातला कीं छायाचित्र निघतें. लहान मुलांना हें दुखणें क्वचित् होतें हें खरें. परंतु खूणगांठ बांधली जाण्यास वारंवारचा स्पर्शच कारण होतो, आणि ती कोणत्या मुलाच्या शरीरांत केव्हां बांधली जाईल हें आधीं ओळखण्याची युक्ति अद्याप कोणापाशीं नाहीं. त्यांतहि हे सप्ताह पुष्कळदां फुलें धरल्यावर होतात. तोंवर बीं खालीं पडूं लागलेलें असतें. उपटावयाचेंच तर जमीन ओली असतांना, फुलापूर्वीं, मुळासकट. हातमोजे आणि अंगभर कपडे घालून. आणि ज्याला एकदां त्रास झाला आहे त्यानें तर या कामाला हात लावूंच नये. उपटलेला ढीग घराच्या वाऱ्याच्या बाजूला वाळत ठेवूं नये.

नीरेकांठच्या त्या शेतकऱ्याला पुण्याच्या दवाखान्यांत पाठीवर पट्टी लावली, म्हणजे दोन दिवसांनीं पुन्हां बोलावतात. तेवढ्यासाठीं गाडीनें येऊन, कोणाकडे उतरून, तो दोन रात्री काढतो. पट्टी निघते, चौकोन लाल झालेला असतो, आणि डॉक्टर त्याला रोपाचें नांव सांगतात. माणूस आरसा मागून पाठ पाहण्याचा प्रयत्न करतो. मग पहिला प्रश्न विचारतो, तो बहुधा औषधाविषयीं नसतो. हें घरच्यांना लिहून द्याल काय, असा असतो. डॉक्टरांनीं तें मराठींत, स्वच्छ अक्षरांत, लिहून द्यावें: हा महारोग नव्हे, हा एकापासून दुसऱ्यास होत नाहीं, याचें कारण बांधावरचें गाजर गवत आहे.